चंद्रप्रकाश धुरींच्या पत्त्यावरून

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. मुलुंड.
सकाळी पाण्याला दाब कमी. वरच्या मजल्यावर फरशीचं काम सुरू झालं. दुधाची पिशवी गळकी निघाली, बदलून आणली. निधीचा बंगळुरूहून फोन. ती बरी आहे, मुलीला खोकला. दुपारी लुर्डीचं उत्तर आलं. तिनं मला ओळखलं नाही. पुन्हा लिहू नका असं लिहिलं आहे. जेवणात मुगाची आमटी, भात.

रत्नप्रभाबाई धुरींच्या डायरीत पाणी, दूध, पाहुणे, आजार आणि जेवण एवढ्यांनाच जागा असे. लग्नाच्या वर्षापासूनच्या डायऱ्या कपाटाच्या खालच्या खणात वर्षवार लावलेल्या होत्या. त्यांचे यजमान चंद्रप्रकाश हयात होते तेव्हा थट्टेनं म्हणायचे, "तुझी डायरी वाचली की मला एवढंच कळतं, आपण जेवलो." बाई त्यावर हसत नसत. रडणंबिडणं लिहून ठेवायला एवढी चांगली वही कशाला वाया घालवायची, असं त्यांचं मत होतं. म्हणून 'तिनं मला ओळखलं नाही' हे वाक्य त्या दिवशी आमटीच्या आधी येऊन बसलं, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

लुर्डी म्हणजे लुर्डिना. मरोळ गावठाणातली ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलगी. रत्नप्रभाचे वडील अंधेरीला ननांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून मुलीला ननांच्याच शाळेत प्रवेश मिळाला आणि लुर्डीच्या शेजारचं बाक मिळालं. तिथून जी मैत्री जमली ती दोघींची लग्नं, बाळंतपणं आणि नवऱ्यांची मरणं ओलांडून टिकली. लुर्डी आता पर्थला मुलीकडे, शेरॉनकडे, राहत होती. तिला ऐकू कमी येई. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारी. बोटं संधिवातानं वाकलेली, त्यामुळे मोबाइलची ती मुंगीएवढी अक्षरंही नकोत. मोठ्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर बसून दर आठवड्याला एक ईमेल लिहायची, एवढंच तिचं बोलणं. आणि रत्नप्रभाबाईंचंही, खरं म्हणजे. मुलुंड पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चंद्रप्रकाश गेल्यापासून बाईंशी जे कोणी बोलत ते कामापुरतं बोलत. लांबलचक, कामाशिवायचं असं फक्त लुर्डी लिहायची.

घरात कॉम्प्युटर नव्हता. कधीच नव्हता. चंद्रप्रकाश भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथल्या मशीनवर स्वतःची पत्रं ठेवायला बंदी होती, तेव्हा एका सहकाऱ्यानं त्यांना पेन ड्राइव्हवर ईमेलचा एक प्रोग्राम घालून दिला. तो प्रोग्राम पेन ड्राइव्हमधूनच चालायचा. कुठल्याही मशीनला लावावा, पत्रं उतरवून घ्यावी, उत्तरं धाडावी आणि काढून खिशात टाकावा. परक्या मशीनवर मागे काही उरत नसे. चंद्रप्रकाशना हे फार आवडलं. देवगडचा माणूस, खुशीत आला की मालवणीवर यायचा. "दुसऱ्याच्या ओसरीर आपलो बिछानो कित्याक?" असं म्हणून ते टोपण घट्ट लावायचे.

निवृत्तीनंतर ते सायबर कॅफेत जाऊ लागले, आणि कॅफे बंद पडल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात. बाईही सोबत जात. त्या फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. चंद्रप्रकाश दोन बोटांनी अक्षरं शोधत बसत ते त्यांना बघवत नसे. "उठा," म्हणून त्या स्वतः बसत. हळूहळू चंद्रप्रकाश नुसते शेजारी बसू लागले आणि पत्रं बाईच लिहू लागल्या. एक सुधारणाही बाईंनी सुचवली होती. पत्र पेन ड्राइव्हवर उतरलं की मेल कंपनीकडची प्रत पुसली जावी, अशी व्यवस्था त्यांनी नवऱ्याकडून करून घेतली. पत्र घरात आल्यावर टपालखात्यात त्याची प्रत कशाला?

खातं मात्र चंद्रप्रकाशच्या नावाचं. ते गेल्यावरही ते तसंच राहिलं. बाई पत्राखाली 'तुझी रत्ना' अशी सही करत, पण पाठवणाऱ्याच्या जागी नाव उमटे ते चंद्रप्रकाश धुरी. लुर्डीचं उत्तर आलं की तिच्या मजकुराखाली बाईंचं आधीचं पत्र जोडलेलं असे आणि त्यावर मशीननं आपणहून घातलेली ओळ असे: अमुक तारखेला, अमुक वाजता चंद्रप्रकाश धुरी यांनी लिहिलं. बाई ती ओळ दर वेळी वाचत. चार वर्षं झाली होती त्यांना जाऊन, पण त्या ओळीत ते दर आठवड्याला काहीतरी लिहीत होते.

संक्रांतीला निधी आली तेव्हा केंद्राची सूचना टीपॉयवर पडली होती. एक फेब्रुवारीपासून केंद्राच्या कॉम्प्युटरला कोणीही पेन ड्राइव्ह लावू नये.

"बरं झालं," निधी म्हणाली. "फोनवर घे ना सगळं. दोन मिनिटांचं काम आहे. पासवर्ड सांग."

"तो मला कशाला लागतो? तो आत आहे."

"आत म्हणजे कुठे?"

"पेन ड्राइव्हमध्ये. बाबांनी घालून ठेवलाय."

निधीनं कपाळाला हात लावला. मग तिनं मेल कंपनीच्या पानावर जाऊन 'पासवर्ड विसरलात' वगैरे करून पाहिलं. "कोड पाठवला म्हणतायत. बाबांच्या नंबरवर."

"तो तर आपण परत केला."

"मग आता ज्याला मिळाला असेल तो बिचारा डोकं खाजवत असेल, हे कसले कोड येतायत म्हणून." दोघी हसल्या. निधी पुढे म्हणाली, "सोड ना आई. तुझ्या नावाचा नवा पत्ता काढू. बाबांच्या नावानं किती दिवस लिहिणार तू?"

"खाली सही माझी असते."

"खालपर्यंत कोण वाचतं गं?"

"लुर्डी वाचते."

पण पत्ता निघाला. निधीनं तो आईच्या फोनमध्ये बसवून दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि ती बंगळुरूला परत गेली.

इथे जी चूक झाली ती रत्नप्रभाबाईंसारखी बाईच करू जाणे. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी त्या केंद्रात जाऊन बसल्या, पेन ड्राइव्ह लावला, लुर्डीचं पत्र उतरवून घेतलं. त्याच वेळी दोन ओळी लिहून टाकायच्या, की बाई, उद्यापासून माझा पत्ता बदलतोय, हा नवा पत्ता लिहून ठेव. कोणीही तेच केलं असतं. बाईंनी नाही केलं. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा पत्रलेखन शिकवायच्या. त्यांचा दंडक होता की उजव्या कोपऱ्यात आपण ज्या छपराखाली बसलो आहोत त्याचाच पत्ता घालायचा, आणि घर बदलल्याची बातमी नव्या घरात पाऊल टाकल्यावर, नव्या घरूनच कळवायची. अजून जिथे राहायला गेलो नाही तिथला पत्ता लोकांना देणं म्हणजे फुशारकी. लग्न होऊन मुलुंडला आल्या त्या संध्याकाळी, अजून ट्रंकाही उघडल्या नव्हत्या, तरी रत्नप्रभानं लुर्डीला कार्ड लिहिलं होतं. तोच नियम. त्यांनी पेन ड्राइव्ह नीट बंद करून काढला, टोपण लावलं आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी फोनवरून पत्र लिहायला घेतलं. टाइपरायटरवर न बघता चालणारी बोटं त्या काचेवर चाचपडू लागली. एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटे; शब्द अर्धा झाला की फोन स्वतःच्या मनानं भलताच पुरा करी. तारीख उजव्या कोपऱ्यात काही केल्या जाईना, तेव्हा ती राहिलीच. शेवटी चारच ओळी झाल्या. डिअर लुर्डी, हा माझा नवा पत्ता आहे, जुना आता वापरू नये, मी बरी आहे, याच पत्त्यावर लिही. खाली फोननं आपली जाहिरात चिकटवून दिली.

मग रोज चहाच्या वेळी त्या फोन उघडत. नवं खातं कोऱ्या भिंतीसारखं दिसे. आठवडा उलटला, आणि दहा तारखेला उत्तर आलं. इंग्रजीत, लुर्डीच्या शाळकरी, काटेकोर इंग्रजीत.

"महोदय, माझी मैत्रीण मला तिच्या नवऱ्याच्या पत्त्यावरून लिहिते. ती तारखेशिवाय पत्र लिहीत नाही आणि चार ओळींत तिचं कधी भागत नाही. आपण तिचं नाव वापरू नये. पुन्हा लिहू नये."

बाईंना आधी, अगदी क्षणभर, बरंच वाटलं. तारखेचं तिच्या लक्षात आलं होतं तर. मग उरलेलं पत्र मनात उतरलं.

दोन दिवसांनी त्यांनी पुरावा द्यायचं ठरवलं. एका बोटानं लिहायला अख्खी सकाळ गेली. चॅपलच्या दाराशी तीर्थाचं पात्र होतं; लुर्डीनं त्यात शाईची दौत सांडली होती आणि दोघींनी मिळून ते निळं पाणी ओढणीनं टिपून काढलं होतं. शिक्षा नको म्हणून ती ओढणी रत्नप्रभानं घरी नेऊन बंबात घातली. हे जगात तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. बाईंनी सगळं लिहिलं, तारीखही घातली, जमेल तिथे.

या वेळचं उत्तर शेरॉनचं होतं. "तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. माझी आई दोन दिवस रडते आहे. तिच्या मैत्रिणीचं काही बरंवाईट झालं असेल आणि तिचा फोन तुमच्या हाती लागला असेल, तर थोडी लाज बाळगा. हा पत्ता आम्ही बंद करत आहोत."

बाईंनी ते पुन्हा वाचलं. म्हणजे लुर्डीच्या लेखी त्या मेल्या होत्या. आणि त्यांची गुपितं चोरून तिला छळणारा कोणी चोर त्यांच्या जागी बसला होता.

त्यांनी पर्थचा जुना नंबर लावला. तो नंबर आता अस्तित्वात नाही, असं एक पाठ केलेला आवाज सांगत राहिला. निधीला फोन केला.

"शेरॉनला फेसबुकवर शोधते ना," निधी म्हणाली. "लग्नानंतरचं आडनाव काय तिचं?"

"शेरॉनच म्हणतो आपण तिला."

"आई, ऑस्ट्रेलियात हजार शेरॉन असतील. थांब, रविवारी बघते हं शांतपणे. आता मीटिंग आहे."

रविवारपर्यंत लुर्डीनं आपल्याला मेलेलं समजून राहायचं, हे काही बाईंना पटेना. जेवणसुद्धा जाईना. मरणाची त्यांना तशी भीती नव्हती, पण आपण इथे भात निवत ठेवून बसलो आहोत आणि तिकडे कोणी आपल्यासाठी डोळे पुसतंय, हे काहीतरी अशोभनीय वाटत होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि केंद्र गाठलं.

केंद्राचे चिटणीस अनिरुद्ध प्रधान, बँकेतून निवृत्त झालेले, कॉम्प्युटरशेजारीच खुर्ची टाकून बसत. मशीनच्या भोकांवर त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावली होती.

"या, या, रत्नप्रभाताई. बसा. चहा सांगू? पेन ड्राइव्ह सोडून काहीही मागा."

"मला तेवढंच हवंय. पाच मिनिटं."

"ते नाही जमायचं. अहो, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून कीड आली आणि सभासदांची सगळी यादी गेली. कोणाचा वाढदिवस कधी, आम्हाला पत्ता नाही. महिनाभर कोणाला शुभेच्छा नाहीत."

"कोणी तक्रार केली?"

"तक्रार अशी नाही..." प्रधान जरा ओशाळले. "पण नियम म्हणजे नियम. माझा स्वतःचा पेन ड्राइव्ह मी घरी ठेवलाय, त्यात माझी नाट्यगीतं आहेत. मीच केलेला नियम मीच मोडला, तर मला विचारेल कोण?"

"तसंही कोण विचारतं?" बाई बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. "माझी मैत्रीण मला मेलेली समजते आहे, प्रधान. त्या पत्त्यावरून लिहिल्याशिवाय तिला पटायचं नाही."

प्रधानांनी चिकटपट्टीकडे पाहिलं. मग बाईंकडे. "पट्टी काढली तर कमिटी माझं डोकं खाईल," ते हळू आवाजात म्हणाले. "स्टेशनच्या रस्त्याला धम्मपाल झेरॉक्सवाला आहे ना, त्याच्याकडे जा. तो लावू देईल. आणि कळवा मला, पटलं का तिला ते."

धम्मपालचं दुकान अरुंद आणि खोल होतं. पुढे झेरॉक्सची मशीनं, भिंतीला लॅमिनेशनचे नमुने. धम्मपाल पन्नाशीचा, मूळचा बुलढाण्याकडचा, चष्मा कपाळावर. हातातला कागदाचा गठ्ठा ठोकून सारखा करत त्यानं बाईंचं ऐकून घेतलं.

"काय आहे म्हणता यात, मावशी?"

"माझी टपालपेटी."

"व्हायरस-बिरस?"

"असेलही. मला कळत नाही."

"खरं बोललात. बाकी सगळे छातीठोक नाही म्हणतात आणि जातात माझी वाट लावून." त्यानं गठ्ठा खाली ठेवला. "मागचं मशीन घ्या. म्हातारं आहे. मेलं तर मेलं, त्याला कोणी रडणार नाही."

मागे पंखा नव्हता. धम्मपालनं एक स्टूल ओढून दिलं, पेन ड्राइव्ह लावून आधी तपासून घेतला आणि "चालू द्या" म्हणून तो गिऱ्हाइकाकडे गेला. बाईंनी नेहमीच्या जागी नेहमीची खूण शोधून दोनदा दाबली. मशीन घरघरलं, बराच वेळ काही होईना. मग पडदा उजळला आणि आपलंच घर उघडल्यासारखं सगळं समोर आलं. चंद्रप्रकाशनी बाईंसाठी मोठी करून ठेवलेली अक्षरं, डावीकडे त्यांनी पाडलेले कप्पे: निधी, बिलं, लुर्डी. प्रोग्रामनं नवी आवृत्ती घ्यायची का असं विचारलं. चंद्रप्रकाशनी शिकवल्याप्रमाणे बाईंनी 'नको' दाबलं. मग पत्रं उतरू लागली. लुर्डीची तीन होती.

पहिलं दोन फेब्रुवारीचं. "रत्ना, तुझ्या नावानं मला एक विचित्र पत्र आलं आहे. कोणी बदमाश असावा. शेरॉन म्हणते, हल्ली असे लोक मैत्रिणीचं नाव घेऊन लिहितात आणि मग पैसे मागतात. मी त्याला काही सांगितलेलं नाही. तू मला आपल्या नेहमीच्या पत्त्यावरून कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल."

दुसरं पत्र लांब होतं आणि त्यात चुका होत्या, लुर्डीच्या पत्रात कधी नसायच्या तशा. "त्याला शाईचं माहीत आहे. रत्ना, तू कोणाला सांगितलंस का ते? सांगितलं असशील तर मी रागावणार नाही, फक्त उत्तर दे. पडलीस का तू? बाथरूममध्ये चप्पल घालून जात जा, असं मी किती वेळा लिहिलं. तुझ्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. साठ वर्षांत मी तुझ्या एकाही शेजाऱ्याचा नंबर घेतला नाही, इतकी कशी मी मूर्ख."

तिसरं कालचं. चारच ओळींचं.

"आज मी चर्चमध्ये तुझ्यासाठी मिसाची प्रार्थना लावायला गेले. फादरनी विचारलं, नाव कुठल्या यादीत घालू, जिवंतांच्या की मृतांच्या? मी म्हटलं, फादर, मला ठाऊक नाही. दोन्हीकडे लिहा."

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. काच स्वच्छच होती. पुढच्या बाजूला कोणी आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होतं आणि धम्मपाल विचारत होता, "पाठपोट की वेगवेगळ्या?" त्या तिसऱ्या पत्राखालीही बाईंचं जानेवारीतलं जुनं पत्र जोडलेलं होतं आणि त्यावर ती ओळ होती. चंद्रप्रकाश धुरी यांनी लिहिलं. बाईंना एकदम जाणवलं की लुर्डीनं इतकी वर्षं ज्या नावावर विश्वास ठेवला ते आपलं नव्हतंच. त्यांनी स्वतःच्या नावानं दार ठोठावलं तेव्हा आतून कोणी ओळख दिली नाही. नवरा पुढे उभा असला की बायको कोण हे विचारावं लागत नाही. तो बाजूला झाला की विचारतात. मेल्यावर चार वर्षं तो दारात उभा राहिला होता, एवढंच.

मग त्यांनी मनगटं सैल केली आणि लिहायला घेतलं.

तारीख उजव्या कोपऱ्यात. पत्ता मुलुंडचा, पिनकोडसकट. "माय डिअर लुर्डी," आणि पुढे बोटं धावू लागली. मी जिवंत आहे. पडले नाही, चप्पल घालते. तो बदमाश मीच. सिस्टर बेनेडिक्टांनी नव्या घरूनच कळवायला शिकवलं होतं, त्यांचं ऐकलं आणि तुला रडवलं. नवा पत्ता खरा आहे. शेरॉनला सांग, त्याची वाट मोकळी कर. शाईचं मी कोणाला सांगितलेलं नाही, चंद्रप्रकाशनासुद्धा नाही. मग केंद्राची चिकटपट्टी, प्रधानांची नाट्यगीतं, नातीचा खोकला. पान भरलं तरी बोटं थांबेनात.

धम्मपाल डोकावला. "मावशी, टायपिंग आहे का मशिनगन? पुढच्या गिऱ्हाइकाला वाटलं प्रिंटर बिघडला."

"झालंच."

शेवटी त्यांनी लिहिलं, "या नावावरून येणारं हे माझं शेवटचं पत्र समज. यापुढे माझ्या नावानं लिहीन. ओळख ठेव." आणि सही केली. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. वर पाठवणाऱ्याचं नाव होतं. ते एकदा पूर्ण वाचून त्यांनी बटण दाबलं.

धम्मपाल हात पुसत मागे आला. "गेलं? जुनंच खातं ठेवायचंय का तुम्हाला? पासवर्ड या प्रोग्राममध्येच कुठेतरी साठवलेला असतो. काढून देतो, फोनवर बसवा. मग माझ्याकडे यायची पायपीट नको."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. हे चंद्रप्रकाशनी कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी गरज नाही म्हणून ऐकलं नसेल. एका दाबण्यासरशी तो शब्द समोर येणार होता. कसला असेल? आपलं नाव असेल, असं क्षणभर मनात आलं, आणि लगेच हेही, की नसेल. त्यांचा कारखान्यातला टोकन नंबर असेल. तो माणूसच तसा होता.

"असू दे आतच," त्या म्हणाल्या.

"आं?"

"जुनी पत्रं वाचावीशी वाटली तर येईन मी. या म्हणाल ना?"

"म्हणजे काय. दुकान आपलंच आहे." धम्मपालनं खांदे उडवले आणि पेन ड्राइव्ह काढू लागला.

"तसा नका काढू," बाई म्हणाल्या. "आधी प्रोग्राम बंद. मग मशीन, काढायला हरकत नाही, असं सांगेल. मग."

"बरं बाई," धम्मपाल म्हणाला आणि त्यानं हात मागे घेतला. प्रोग्राम बंद झाला. दोघंही मशीन काय सांगतं याची वाट पाहत उभे राहिले.

संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. नव्या खात्यात लुर्डीचं पत्र होतं.

"देवाचे आभार. शेरॉननं तुझी ती दोन पत्रं कचऱ्यातून काढून दिली. ती वाईट आहेत, रत्ना. एवढी मोठी टायपिस्ट तू आणि असलं लिहितेस, म्हणून तर मी फसले. माझे डोळे सुजले आहेत, जास्त लिहवत नाही. उद्या लिहीन. याच पत्त्यावर लिहीन. फादरना काय सांगू ते कळत नाही."

बाई ते वाचून हसल्या. हसताना आवाज झाला आणि तो स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. हे कोणाला तरी लगेच सांगावं असं फार वाटलं. निधीला फोन लावला, ती म्हणाली, "आई, गाडी चालवतेय, नंतर करते हं." केंद्र एव्हाना बंद झालं असणार. बाईंनी दिवा लावला, खुर्ची टेबलाकडे ओढली आणि डायरी उघडली. प्रधानांना उद्या कळवायचं, हे आधी लिहिलं, विसरू नये म्हणून. मग लुर्डीचं पत्र आलं, ती बरी आहे. मग थोडा विचार केला, आणखी काही राहिलं का. राहिलं होतं, ते लिहून त्यांनी डायरी मिटली.

गवार निवडली. निम्मी जून निघाली.